लैला-मजनू खरंच होऊन गेले का, आणि मूळ गोष्ट नेमकी कोणती धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की कॉलेजच्या एकांकिकेसाठी लैला-मजनू हा विषय घेतलाय, पण शोधायला गेलात तर एकीकडे ते अरबस्तानातले निघाले, दुसरीकडे राजस्थानात त्यांची मजार निघाली, कुठे लैला आधी मरते कुठे मजनू, कुठे लग्न होतं कुठे होत नाही, मग ‘ओरिजिनल’ कोणतं आणि ही माणसं खरंच होती का. मी फारसी शिकवते, निजामी या बाराव्या शतकातल्या फारसी कवीचं लैला-मजनूवरचं काव्य वर्गात घेते, आणि हा प्रश्न दर बॅचला येतोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. वेळ काढून वाचा.

आधी गुंता सोडवू, कारण तुम्ही दोन प्रश्न एकात विचारलेत. मजनू म्हणजे ‘वेडा’, हे टोपणनाव, मूळ नाव कैस; तर असा कैस नावाचा कुणी माणूस होता का हा एक, आणि आपण जी गोष्ट सांगतो ती कधी, कशी तयार झाली हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो आलं काय किंवा नाही आलं काय, दुसऱ्यात फार फरक पडत नाही. माझं मत सरळ सांगते: इथे आधी कविता आहेत आणि गोष्ट मागाहून आली. वाळवंटात तोंडोतोंडी फिरणाऱ्या सुट्या प्रेमकविता होत्या, या ओळी कुणी आणि का म्हटल्या असतील हे सांगायला लोकांनी प्रसंग जोडले, आणि मग पाच-सहाशे वर्षांनी एका मोठ्या कवीने त्या प्रसंगांची सलग कथा केली. हे एकदा पटलं की व्हर्जन एकमेकांशी जुळत नाहीत याचा त्रास व्हायचा थांबतो. जुळायला मुळात एकच गोष्ट कधी नव्हतीच.

आता अरबी बाजू. परंपरा सांगते ती अशी की कैस इब्न मुलव्वह हा बनू आमिर टोळीतला, लैला त्याच टोळीतली, जागा नज्द म्हणजे आजच्या सौदी अरेबियाचा मधला भाग, काळ उमय्या खलिफांचा, सातव्या शतकाचा उत्तरार्ध. कैसच्या मृत्यूचं साल साधारण ६८८ दिलं जातं. तिथल्या अफलाज भागात लैला नावाचं गाव आजही आहे आणि तौबाद नावाचा डोंगर आहे, जो त्याच्या कवितेत येतो. पण हे सगळं लेखी स्वरूपात आपल्याकडे येतं ते इब्न कुतैबा या अरबी लेखकाकडून, जो ८८९ मध्ये वारला, आणि सगळ्यात विस्ताराने ‘किताब-उल-अगानी’ या गाण्यांच्या मोठ्या संकलनातून, ज्याचा कर्ता अबुल फरज इस्फहानी ९६७ मध्ये वारला. म्हणजे मधे दोनशे ते पावणेतीनशे वर्षांची तोंडी परंपरा आहे.

आणि गंमत अशी की अगानीत मजनूचं प्रकरण संशयानेच सुरू होतं. इस्फहानी प्रामाणिक संकलक होता, कुणाकडून ऐकलं आणि त्याने कुणाकडून ऐकलं अशी साखळी देऊन प्रत्येक गोष्ट नोंदवायचा, उलटसुलट असेल तरी. त्यामुळे त्यात असंही आहे की उमय्या घराण्यातल्या एका तरुणाचं आपल्या चुलतबहिणीवर प्रेम होतं, ते लपवायला त्याने मजनू नावाचं पात्र उभं केलं आणि आपल्या कविता त्याच्या नावावर खपवल्या. अवाना नावाचा जुना कथनकार तर स्पष्ट म्हणतो की जगात कधी नव्हतीच अशी तीन माणसं आहेत आणि त्यातला एक मजनू. असमई हा बसऱ्याचा भाषापंडित म्हणतो वेडा नव्हता, जराशी झाक होती एवढंच. मला सगळ्यात आवडतो तो किस्सा म्हणजे खुद्द बनू आमिरच्या एका माणसाला कुणीतरी विचारतं, तुमचा तो प्रेमात वेडा होऊन मेलेला कोण, तर तो जवळजवळ चिडतोच: छे, आमची माणसं दणकट काळजाची, असले प्रकार त्या हळव्या मनाच्या येमेनी लोकांत होतात! ज्या टोळीचा तो हिरो तीच टोळी हात झटकते, आता बोला.

जाहिज हा नवव्या शतकातला फार तिखट लेखक, त्याचं निरीक्षण इथे कळीचं आहे. तो म्हणतो की कर्ता माहीत नसलेली कविता सापडली आणि तिच्यात लैला हे नाव असलं की लोकांनी ती मजनूच्या खात्यात टाकली, आणि लुब्ना हे नाव असलं की कैस इब्न जरीहच्या, म्हणजे लुब्नावर प्रेम करणाऱ्या दुसऱ्या एका कैसच्या. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले सगळे अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांचे नाहीत, त्यात सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचेही मिसळलेत हे आपल्याकडच्या अभ्यासकांनी दाखवलंच आहे. म्हणून नामदेव झालेच नाहीत असं कुणी म्हणत नाही. मजनूचंही तसंच, मागे एखादा खरा कैस असेलही, विसाव्या शतकात याच्यावर चांगले वाद झालेत, इजिप्तच्या ताहा हुसेननी त्याला काल्पनिक ठरवलं तर रशियन अरबीतज्ज्ञ क्राचकोव्स्कीने खरा माणूस असल्याची बाजू मांडली. पण आज आपल्या हातात जो कविताठेवा आहे तो एकट्या माणसाचा नाही एवढं नक्की.

शिवाय तो एकटा नमुनाही नाही. जमील-बुसैना, उर्वा-अफ्रा, कुसय्यिर-अझ्झा अशा जोड्यांच्या जोड्या त्याच काळातल्या सांगितल्या जातात, सगळ्यात कवी एकाच बाईवर आयुष्यभर प्रेम करतो, लग्न होत नाही, झुरून मरतो. या प्रकाराला ‘उझरी’ प्रेम म्हणतात, बनू उझरा या टोळीवरून, ज्यांच्याबद्दल बोललं जायचं की ते प्रेमात पडले की मरतातच. आठव्या शतकात बसरा, कूफा या शहरांतले भाषापंडित बेदुइनांकडून, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांकडून, कविता गोळा करत होते आणि कवितेला ‘मागची ष्टोरी’ हवी असायची, मग ती पुरवणारेही तयार झाले. मागणी तसा पुरवठा हो, दुसरं काय.

बरं, मग अरबी गोष्टीत आहे तरी काय. सुरुवातच दोन प्रकारे आहे. एकात दोघं लहानपणी तौबादच्या पायथ्याशी कोकरं राखतात, आणि त्यावरची ती अप्रतिम ओळ आहे की आम्ही दोघंही लहान होतो, कोकरं राखत होतो, आज वाटतं आम्हीही वाढलो नसतो आणि कोकरंही वाढली नसती तर बरं झालं असतं. दुसऱ्यात तो चांगला जवान आहे, भारी कपडे घालून उंटीणीवरून येतो, बायकांच्या घोळक्यासमोर शायनिंग मारायला आपली उंटीण कापून त्यांना जेवण घालतो, तेवढ्यात दुसरा कुणी तरुण आला की त्या सगळ्या तिकडे वळतात, हा चिडून निघतो, आणि नंतर लैला भेटते. दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी शेजारी. तुम्ही ‘ओरिजिनल’ शोधताय ना, सगळ्यात जुन्या सविस्तर सोर्समध्येच हे असं आहे.

लग्न का मोडतं हे मात्र अरबी कथेत फार पक्कं आहे आणि तुमच्या एकांकिकेला इथे सोनं आहे. तिथे खानदानी दुष्मनी नाही, गरीब-श्रीमंत नाही. मुलगा चांगल्या घरचा, त्याच टोळीतला. भानगड अशी की त्याने तिचं नाव घेऊन कविता केल्या आणि त्या सगळीकडे पसरल्या, आणि ज्याने मुलीचं नाव कवितेत चव्हाट्यावर आणलं त्यालाच मुलगी दिली तर गावभरच्या बोलण्यावर शिक्कामोर्तब होतं, म्हणून बाप नकार देतो. म्हणजे ज्या कवितांमुळे तो अमर झाला त्याच कवितांनी त्याचं लग्न मोडलं. तिचं लग्न वर्द नावाच्या माणसाशी होतं. पुढे नौफल येतो, हा सरकारी कर गोळा करणारा अधिकारी, त्याला या वेड्याची दया येते आणि तो मध्यस्थी करून बघतो, जमत नाही. बाप त्याला मक्केला नेतो की देवाला सांग मला यातून सोडव, आणि हा काबाजवळ उभा राहून उलट मागतो की हे प्रेम आणखी वाढव. शेवटी तो रानात जनावरांत राहतो आणि एक दिवस खडकाळ दरीत त्याचं प्रेत सापडतं.

इथून ११८८ वर उडी मारू. गंजा हे आजच्या अझरबैजानमधलं शहर, तिथला कवी निजामी. शिरवानचा शाह अख्सितान त्याला पत्र पाठवतो की लैला-मजनूवर काव्य कर, आणि फारसीत कर, तुर्की ढंगाचं नको. निजामीची तयारी नव्हती, प्रस्तावनेत तो चक्क कुरकुरतो की या गोष्टीत आहे काय, वाळू आणि उघडे डोंगर, ना बाग, ना राजाची मैफल, ना मद्य, कवीने फुलवायचं तरी काय. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा मुहम्मद मागे लागला म्हणून बसला आणि चार महिन्यांच्या आत चार हजारांवर शेर लिहून मोकळा झाला. जगात आज जे लैला-मजनू म्हणून माहीत आहे त्याचा सांगाडा हा आहे.

त्याने केलेले बदल बघा. कोकरं गेली, मदरसा आला, दोघं एकाच शाळेत पाटीवर नाव गिरवताना प्रेमात पडतात. वर्दच्या जागी इब्न सलाम आला. नौफल सरकारी कारकून राहिला नाही, तलवार घेऊन लैलाच्या टोळीवर चालून जाणारा सरदार झाला, आणि त्या लढाईत मजनू मनातून लैलाच्या बाजूच्या लोकांचं भलं चिंततो! तिचा बाप म्हणतो की मारून टाकेन पण वेड्याला देणार नाही. लग्नानंतर लैला नवऱ्याला हात लावू देत नाही, लावायला येतो तर कानशिलात वाजवते. एक म्हातारी मजनूला साखळदंडात भिकाऱ्यासारखं बांधून लैलाच्या तंबूपाशी आणते तो प्रसंगही याच काव्यातला. इराणच्या शाह तहमास्पसाठी १५३९ ते १५४३ मध्ये जी चित्रांची पोथी झाली तिच्यात या प्रसंगाचं चित्र आहे, ते मीर सय्यद अलीचं मानतात, तोच पुढे हुमायूनबरोबर हिंदुस्तानात आला आणि मुघल चित्रशाळा उभी करणाऱ्यांत होता. नेटवर सापडेल ते चित्र, तंबू, शेळ्या, दूध काढणारी बाई, सगळं संसाराचं चालू आहे आणि एका कोपऱ्यात हा साखळीत. तुमच्या नेपथ्यवाल्याला नक्की दाखवा.

निजामीचं खरं मोठेपण मला लैलात दिसतं. अरबी कथेत ती बहुतेक वेळ पडद्याआड आहे, तरी तिच्या नावावर दोन ओळी आहेत ज्या मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहिते, अर्थ असा की मजनूच्या ज्या ज्या अवस्था झाल्या त्या सगळ्या माझ्याही झाल्या, फक्त त्याने बोलून दाखवलं आणि मी लपवून विरघळून गेले. निजामीने जणू या दोन ओळींची अख्खी स्त्री उभी केली. त्याची लैला स्वतः कवी आहे, कागदाच्या तुकड्यांवर ओळी लिहून वाऱ्यावर सोडते आणि येणारे-जाणारे त्या त्याच्यापर्यंत पोचवतात. एक म्हातारा दोघांची भेट घडवतो तेव्हा ती दहा पावलांवर थांबते, पुढे येत नाही, कविता म्हणायला सांगते फक्त. शेवटी इब्न सलाम मरतो, विधवा म्हणून तिला आता उघड रडता येतं, आणि ती रडते कुणासाठी हे वाचकाला कळत असतं. शिशिरात ती जाते, मजनू तिच्या थडग्यावर येऊन मरतो, जनावरं राखण करत बसतात म्हणून वर्षभर कुणी जवळ जाऊ शकत नाही, मग हाडं उरतात ती तिच्या शेजारी पुरतात.

यानंतर नक्कल म्हणा, स्पर्धा म्हणा, रांगच लागली. आपल्या अमीर खुस्रोने १२९९ मध्ये दिल्लीत लिहिलं, त्याच साली त्याची आई आणि भाऊ वारले होते आणि त्यांचा शोक या काव्यातच आहे. खुस्रोकडे नौफल आपली मुलगी मजनूला देतो, लग्न होतं पण संसार होत नाही, आणि शेवटी लैलाला पुरताना मजनू कबरीतच उडी घेतो. हेरातच्या (आजच्या अफगाणिस्तानातल्या) जामी या फारसी कवीने १४८४ मध्ये क्रम उलटवला, तिथे मजनू आधी मरतो, एका हरणाला कवटाळून, आणि बातमी कळल्यावर लैला. त्याच जामीने ती उंटीणवाली जुनी सुरुवात जवळ केली, म्हणजे निजामीपेक्षा तीनशे वर्षांनी लिहूनही या बाबतीत अरबी सोर्सच्या जास्त जवळ. ‘जितकं जुनं तितकं मुळाशी’ हा हिशोब इथे चालत नाही तो असा. फुझूली या कवीने १५३५-३६ मध्ये इराकमध्ये तुर्कीत लिहिलं, त्याच्याकडे लैला स्वतः वाळवंटात त्याला भेटायला येते आणि हा तिला परत पाठवतो, की माझ्यात लैला भरलेली आहे, मग तू कोण? याच फुझूलीवरून उझेयिर हाजीबेयोवने १९०८ मध्ये बाकूला ऑपेरा केला. दख्खनीतही गोवळकोंड्याच्या दरबारातल्या अहमद गुजरातीने हा विषय घेतला. आणि जामीचा भाचा हातिफी, त्याचं काव्य विल्यम जोन्स या इंग्रज पंडिताने १७८८ मध्ये कलकत्त्यात छापलं, कर्जबाजारी कैद्यांच्या मदतीसाठी. कुठची गोष्ट कुठे पोचते बघा.

सूफींचा धागा वेगळा धरा. रूमी हा तेराव्या शतकातला फारसी सूफी कवी सलग गोष्ट सांगत नाही, एकेक किस्सा उचलतो. खलिफा लैलाला म्हणतो तू काही इतकी सुंदर नाहीस, ती म्हणते गप्प बस, तू मजनू नाहीस. वैद्य मजनूची शीर कापून रक्त काढायला जातो तर हा घाबरतो, स्वतःसाठी नाही, माझ्यात लैलाच आहे, पातं तिला लागेल म्हणून. आपल्याकडे सिनेमामुळे जे डोक्यात बसलंय की शाळेत छडी त्याला आणि वळ तिच्या हातावर, ते या जातीच्या किश्शांचं वाढलेलं रूप आहे, निजामीत शोधलंत तर सापडणार नाही. दोन घराण्यांची खुन्नस हाही आपल्या सिनेमा-नाटकांचा आवडता मसाला, अरबी कथेत त्याची गरजच पडत नाही हे वर आलंच.

आता राजस्थानची मजार. श्रीगंगानगरकडे अनूपगढजवळ बिंजौर गाव आहे, पाकिस्तान सीमेला अगदी लागून, तिथे लैला-मजनूची मजार म्हणून जागा आहे, जूनमध्ये जत्रा भरते, लग्न ठरावं किंवा टिकावं म्हणून जोडपी येतात, हिंदू-मुसलमान दोन्ही. लोक सांगतात ते सिंधमधून पळून इथे आले आणि तहानेने मेले. नज्दमधला सातव्या शतकातला माणूस इथे पुरलाय याला ऐतिहासिक आधार काही नाही. पण ‘खोटं’ म्हणून उडवूही नका. सस्सी-पुन्नू, सोहनी-महिवाल या सिंध-पंजाबातल्या प्रेमकथांचा हा शेजार आहे, वाळवंटात तहानेने मरणारे प्रेमिक तिथे घरचेच, आणि शीख परंपरेतल्या भाई गुरदासांनी एका रचनेत लैला-मजनू, सस्सी-पुन्नू, सोहनी-महिवाल, हीर-रांझा अशी नावं एका दमात घेतलीत, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत पंजाबात ही जोडी परकी राहिलीच नव्हती. आणि जागा दाखवायची हौस जुनीच आहे: नासिर खुस्रो हा प्रवासी १०५१ च्या सुमारास मक्केहून ताइफमार्गे चालला होता, वाटेत त्यालाही अरबांनी एक पडकी गढी दाखवून सांगितलं की हे लैलाचं घर. निजामी जन्मायच्याही आधी! आणि हो, कमेंटमध्ये कुणीतरी तुम्हाला दिल्लीचा ‘मजनू का टीला’ पुरावा म्हणून देईलच. तो मजनू वेगळा, गुरू नानकांना भेटलेला यमुनेवरचा नावाडी-फकीर, असं तिथली परंपरा सांगते.

तर एकांकिकेसाठी कोणतं घ्यायचं हे तुम्हाला काय दाखवायचंय त्यावर आहे, मी एक नाव घेऊन मोकळी होऊ शकत नाही. मी विद्यार्थ्यांना कुठलंही व्हर्जन हातात आलं की तीन ठिकाणी बोट ठेवायला सांगते: नकार कशामुळे, आधी कोण मरतं, आणि लैला स्वतःच्या तोंडाने काय बोलते. ही तीन उत्तरं मिळाली की तो लेखक कशाच्या मागे आहे ते कळतं. बदनामी, अब्रू, बोललेला शब्द परत घेता येत नाही असं काही करायचं असेल तर अरबी कथा घ्या, आज कुणीतरी मुलीचं नाव टाकून पोस्ट करतं त्याच्याशी ती फार जवळून बोलते. लैलाला केंद्रात ठेवायचं असेल तर निजामी, दुसरा विचारच करू नका. प्रेमाचं वेड माणसाला माणसापासूनच तोडतं असं काही डोक्यात असेल तर फुझूलीची ती वाळवंटातली भेट, दोन पात्रं आणि रिकामं स्टेज, चाळीस मिनिटं आरामात निघतील.

मिसळायलाही हरकत नाही, सगळ्यांनी मिसळलंच आहे. फक्त सांधे तपासा. खुस्रोची नौफलच्या मुलीशी लग्नाची गोष्ट घेतलीत तर एका बाईचं आयुष्य विनाकारण वाया गेलं याचा जाब मजनूला द्यावा लागेल, तिला नुसती आणून सोडून देऊ नका, प्रेक्षक विचारतो. आणि नकाराचं कारण अरबी ठेवलंत तर निजामीची लढाई काढून टाका, कारण बापाचा प्रश्न अब्रूचा असेल तर नौफलने टोळी जिंकूनही तो सुटत नाही, उलट चिघळतो. संहितेचा पहिला खर्डा झाला की इथेच टाका, वाचते.